सुलतान, शाह, खान, नवाब, निजाम: किताबावरून माणूस नेमका कोण होता ते कसं ओळखायचं

दर १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आला की कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो, ज्यात अहमदनगरची निजामशाही आणि हैदराबादचा निजाम एकच समजून लिहिलेलं असतं, म्हणजे पहिल्या ओळीत मलिक अंबर आणि तिसऱ्या ओळीत १९४८ चं पोलीस अॅक्शन, मधली तीनशेवर वर्षं गायब. लिहिणाऱ्याला तरी किती बोलणार, हे किताब आहेतच फसवे. सुलतान, बादशाह, शाह, खान, मलिक, अमीर, नवाब, निजाम, खलिफा हे सगळे शब्द शाळेत आपण 'मुसलमान राजा' याच एका अर्थाने ढकलून दिलेले असतात. यातले निम्मे लोक राजे नव्हतेच. काही नोकर होते, काही नोकर असून राजासारखे वागत होते, आणि काही खरे राजे असून शेजारी त्यांना तसं म्हणायला तयार नव्हता.

तर हे कसं वाचायचं त्याची पद्धत खाली लिहितोय. फारसी-अरबी यायची गरज नाही. काही प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: किताब त्याने स्वतः घेतला की कुणी दिला, नाणं कुणाच्या नावाने पडत होतं, शब्द नावाच्या आधी आहे की नंतर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुठलं शतक आणि कुठला दरबार. कारण किताबांचं नोटांसारखं असतं, छापत सुटलं की किंमत उतरते. एकाच शब्दाचा भाव दोन शतकांत कुठल्या कुठे जातो.

आधी सुलतान

हा शब्द समजायला आपली मराठीच बरी. 'अस्मानी-सुलतानी' आपण अजून म्हणतो. अस्मानी म्हणजे आभाळातून आलेलं, दुष्काळ, गारपीट, टोळधाड. सुलतानी म्हणजे सरकारकडून आलेलं, जुलमी वसुली, लष्कराने उभं पीक तुडवणं वगैरे. इथे सुलतान म्हणजे अमुक एक माणूस असं कुणाच्या डोक्यात नसतं, सत्ता असते. आणि अरबीत मूळ अर्थ अगदी हाच आहे. स-ल-त या मुळाक्षरांतून आलेला शब्द, अर्थ सत्ता, जोर, हुकमत. सुरियानी या अरबीच्या बहीणभाषेत त्याचा सख्खा भाऊ आहे, शुल्ताना. कुराणात सुलतान हा शब्द पुष्कळदा येतो पण राजाचा किताब म्हणून नाही, तिथे त्याचा अर्थ अधिकार किंवा ठोस पुरावा असा आहे. नंतरच्या कागदपत्रांतही बरीच वर्षं सुलतान म्हणजे 'सरकार' असंच चाललं, आणि मग हळूहळू ती सत्ता ज्याच्या हातात तो माणूसच सुलतान झाला.

पहिला सुलतान कोण यावर गझनीच्या महमूदचं नाव सगळीकडे सापडेल. तो वारला १०३० मधे. पण त्याच्या नाण्यांवर मिरवतात ते किताब म्हणजे 'यमीन-उद-दौला' आणि 'अमीन-उल-मिल्ला', म्हणजे राज्याचा उजवा हात आणि धर्मसमाजाचा विश्वासू, आणि हे दोन्ही बगदादच्या खलिफाने दिलेले. सुलतान हा शब्द नाण्यावर रीतसर किताब म्हणून आणला तो सेल्जूक तुर्कांनी, तुघ्रिल बेगने. १०५५ मधे तो बगदादमधे शिरला आणि तेव्हापासून एक अलिखित सौदा ठरला: खलिफाकडे मान, सुलतानाकडे तलवार. खलिफाने खिलअत (मानाचा पोशाख) आणि सनद पाठवायची, सुलतानाने खलिफाचं नाव नाण्यावर घालायचं. हा सौदा डोक्यात फिट बसला की पुढचं अर्धं काम झालंच.

दिल्लीत इल्तुत्मिशने हेच केलं. बगदादच्या खलिफाचा दूत १२२९ मधे पोशाख घेऊन आला आणि त्याच्या राज्याला मान्यता मिळाली. नाहीतर गुलाम म्हणून विकत घेतलेला माणूस तख्तावर कसा, हा प्रश्न तुर्क सरदार विचारतच होते.

खलिफा म्हणजे काय हे समजायला मुंबईकराने लांब जायची गरज नाही, भायखळ्याला खिलाफत हाउस आहे, ईद-ए-मिलादचा मोठा जुलूस निघतो तेच. खलिफा म्हणजे पैगंबरांच्या मागून आलेला, त्यांच्या जागी असलेला. ६३२ मधे अबू बक्र पहिले खलिफा झाले. दुसरे खलिफा उमर यांनी 'अमीर-उल-मोमिनीन' म्हणजे श्रद्धावंतांचा सेनापती हा किताब रूढ केला आणि पुढे तो खलिफांचाच झाला. शेवटी शेवटी हा मान तुर्कस्तानच्या ओटोमन सुलतानाकडे होता, आणि पहिल्या महायुद्धानंतर तो टिकावा म्हणून १९१९ मधे मुंबईत खिलाफत कमिटी उभी राहिली, अध्यक्ष इथलेच व्यापारी मियाँ छोटानी. पुढे गंमत बघा. तुर्कांच्या असेंब्लीने १ नोव्हेंबर १९२२ ला सुलतानपद रद्द केलं पण खलिफापद ठेवलं, आणि अब्दुल मजीद दुसरा हा सव्वा वर्षभर फक्त खलिफा होता, सुलतान नव्हता. ३ मार्च १९२४ ला तेही गेलं. सुलतान आणि खलिफा यातला फरक कुणी विचारला तर मी हेच उदाहरण देतो, कारण इथे दोन पदं कायद्याने कापून वेगळी केलेली दिसतात. एरवी पुस्तकात कितीही वाचा, घोळ होतोच.

नाणं वाचा, दुसरं काही नंतर

मुसलमान राज्यांत स्वतंत्र राजा कोण हे ठरवायच्या दोन खुणा होत्या, खुत्बा आणि सिक्का. शुक्रवारच्या नमाजाच्या आधी मशिदीत जे प्रवचन होतं त्यात कुणाचं नाव घेतात आणि टाकसाळीत नाण्यावर कुणाचं नाव ठोकतात. खुत्बा आता ऐकता येत नाही, नाणं मात्र काचेमागे ठेवलेलं आहे. फोर्टमधे फिरोजशाह मेहता रोडला अमर बिल्डिंगमधे रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम, नाहीतर काळा घोड्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. चोर बाजारात मोगल रुपया म्हणून जे विकतात त्यावर शिकायला जाऊ नका, त्यात नकली माल भरपूर, आणि नकली नाण्यावरची अक्षरं नुसती नक्षी म्हणून काढलेली असतात, वाचायला गेलं तर डोकं फिरेल.

नमुन्याला अलाउद्दीन खिलजीचा टंका, म्हणजे चांदीचं नाणं, घेऊ. त्यावरचा मजकूर साधारण असा: 'अस-सुलतान अल-आझम, अला-उद-दुनिया वद-दीन, अबुल मुझफ्फर, मुहम्मद शाह, अस-सुलतान', आणि दुसऱ्या बाजूला 'सिकंदर-अस-सानी, यमीन-उल-खिलाफत, नासिर अमीर-उल-मोमिनीन'. बापरे वाटतं पण सुटं करून बघा. 'सुलतान-ए-आझम' हे पद, थोर सुलतान. 'अला-उद-दुनिया वद-दीन' हे लकब, जग आणि धर्म यांचा गौरव, यातलाच तुकडा काढून आपण अलाउद्दीन म्हणतो, म्हणजे जे आपल्याला नाव वाटतं ते बिरुद आहे. 'अबुल मुझफ्फर' ही कुन्या, अमक्याचा बाप अशी हाक मारायची अरबी पद्धत, इथे शब्दशः 'विजेत्याचा बाप', मुलाशी संबंध नाही, शोभेसाठी. 'मुहम्मद शाह' हे तख्तावरचं नाव; जन्माचं नाव अली. 'सिकंदर-अस-सानी' म्हणजे दुसरा सिकंदर, ही फुशारकी, सोडून द्या. आणि खरी मेख शेवटी: 'यमीन-उल-खिलाफत', खिलाफतीचा उजवा हात, 'नासिर अमीर-उल-मोमिनीन', खलिफाचा मदतनीस.

आता तारीख बघा. अलाउद्दीनचं राज्य १२९६ ते १३१६. बगदादचा खलिफा मुस्तासिम याला हुलागूच्या मंगोलांनी मारला १२५८ मधे. म्हणजे हा उजवा हात कुणाचा? खलिफाच नाही बगदादला. अलाउद्दीनच्या आधीचे सुलतान तर मेलेल्या मुस्तासिमचं नाव जसंच्या तसं नाण्यावर छापत राहिले, चाळीसेक वर्षांनंतर सुद्धा! अलाउद्दीनने नाव काढलं पण खलिफाचा हवाला ठेवला. त्याचा पोरगा कुत्बुद्दीन मुबारक याने तर ती भानगडच नको म्हणून स्वतःलाच खलिफा म्हणवून घेतलं. आणि मुहम्मद तुघलक, तो म्हणजे कहरच, कैरोत बगदादच्या खलिफांच्याच अब्बासी घराण्याचा एक नामधारी खलिफा आहे असं कळल्यावर त्याने आपलं नाव काढून नाण्यावर त्याचं घातलं, तो खलिफा मुस्तकफी १३४० मधे वारलेला, पण बातमी न पोचल्यामुळे त्यानंतरही त्याच्याच नावाची नाणी पडत राहिली.

हे उलट बाजूनेही चालतं आणि मला तीच बाजू जास्त आवडते. १७१७ मधे मोगल बादशाह फर्रुखसियरने इंग्रज कंपनीला मुंबईच्या टाकसाळीत रुपये पाडायची परवानगी दिली, अट काय तर नाव बादशाहाचं. म्हणजे किल्ला कंपनीचा, तोफा कंपनीच्या, टाकसाळ कंपनीची, आणि रुपयावर दिल्लीच्या बादशाहाचं नाव. मराठ्यांनी अटकेपर्यंत धडक मारली तेव्हाही मराठी टाकसाळींतले बरेचसे रुपये मोगल बादशाहाच्याच नावाचे होते. बाजारात तेच नाव चालायचं म्हणून. कंपनीने स्वतःच्या राजाचं, चौथ्या विल्यमचं डोकं रुपयावर घातलं ते १८३५ मधे. म्हणून शिवाजी महाराजांनी 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' अशी अक्षरं असलेलं स्वतःचं नाणं काढलं त्याचं वजन कळायला हे सगळं शेजारी ठेवून बघावं लागतं. तिथे कुठल्याच बादशाहाचं नाव नाही, खलिफाचा तर प्रश्नच नाही.

खानाचा शाह झाला की समजा बंड झालं

ही माझी सगळ्यात आवडती युक्ती, आणि महाराष्ट्रापुरती तर दहातल्या नऊ वेळा चालते.

शाह हा शब्द जुन्या इराणचा, इस्लामच्या कितीतरी आधीचा. अकेमेनिड सम्राटांच्या शिलालेखांत त्याचं जुनं रूप 'ख्शायथिय' असं आहे आणि त्याचं मूळ आपल्या संस्कृत 'क्षत्र'च्या मुळाशी जुळतं. खान हा तुर्क-मंगोल, स्टेपमधला म्हणजे मध्य आशियाच्या गवताळ माळरानातला सर्वोच्च नेता, चंगीझ खान म्हणतो तो खान. पण हिंदुस्थानात येईपर्यंत खानाचा भाव उतरला आणि तो सुलतान देतो असा सरदारी किताब झाला. दिल्लीच्या दरबारात उतरंड होती ती खान, मग मलिक, मग अमीर, मग सिपहसालार. सगळे नोकर.

म्हणजे नावामागे खान असेल तर वर कुणीतरी धनी आहे. तोच माणूस किंवा त्याचा वंशज एक दिवस शाह लावायला लागला की धनी उडाला. आता लावून बघा. दौलताबादला १३४७ मधे तुघलकांविरुद्ध उठलेला हसन, त्याचा किताब जफर खान, तख्तावर बसला तो अलाउद्दीन बहमन शाह म्हणून. बहमनी राज्य तिथून. गुजरातेत तुघलकांचाच सुभेदार, त्याचाही किताब जफर खानच (किताब एकच, माणसं दोन, सांभाळून), तो १४०७ मधे मुझफ्फर शाह झाला. गुजरातचं हे घराणं आपल्या मुंबईचं धनी होतं बरं का. माहीमचा दर्गा ज्यांचा त्या मखदूम अली माहिमींच्या शेवटच्या वीसेक वर्षांत तख्तावर मुझफ्फरचा नातू अहमद शाह, ज्याने अहमदाबाद वसवलं. आणि त्याच घराण्याच्या बहादूर शाहाने १५३४ च्या तहात वसई आणि तिच्यासोबत मुंबईची बेटं पोर्तुगीजांना दिली.

दख्खनमधे तर हे रांगेत झालं. बहमनी राज्य खिळखिळं झालं आणि विजापूरचा आदिल खान झाला आदिल शाह, गोवळकोंड्याचा कुत्ब-उल-मुल्क झाला कुत्ब शाह, वऱ्हाडचा इमाद-उल-मुल्क झाला इमाद शाह, आणि जुन्नरकडचा अहमद निजाम-उल-मुल्क झाला निजाम शाह. आपण आदिलशाही, कुतुबशाही, इमादशाही, निजामशाही म्हणतो ते यावरून. तिथून 'शाही' हा प्रत्यय मराठीत इतका रुळला की लोकशाही, हुकूमशाही, नोकरशाही, झुंडशाही सगळीकडे तोच.

आणि आता मोगलांचा खडूसपणा. मोगल तवारिखा म्हणजे दरबारी इतिहास उघडले तर विजापूरच्या राजाला ते आदिल खानच लिहितात, गोवळकोंडेकराला कुत्ब-उल-मुल्क, नगरकराला निजाम-उल-मुल्क. मुद्दाम. तुम्ही अजून कुणाचे तरी सरदारच आहात, शाह एकच घराणं, ते आमचं. म्हणून एखाद्या पुस्तकात 'आदिल खान' दिसला तर प्रिंटिंग मिस्टेक समजू नका, बघा की लिहिणारा कुठल्या बाजूचा आहे. अफझलखान, शाइस्ताखान ही सुद्धा नावं नाहीत, किताब आहेत. शाइस्ताखानाचं नाव अबू तालिब.

हा निजाम तो निजाम नव्हे

निजाम-उल-मुल्क म्हणजे राज्याची घडी बसवणारा. हा मुळात वजिराचा किताब, सगळ्यात गाजलेला म्हणजे सेल्जूक सुलतानांचा वजीर, जो १०९२ मधे मारला गेला. नियम म्हणून लक्षात ठेवा: शेवटी 'उल-मुल्क' किंवा 'उद-दौला' आलं तर तो बहुतेक वेळा दरबारी माणूस असतो, 'राज्याचा अमुक'. राज्य दुसऱ्याचं.

नगरच्या अहमदने हा दरबारी किताब घराण्याचं नाव म्हणून ठेवला आणि मागे शाह लावून स्वतंत्र झाला. त्याची निजामशाही १६३६ मधे संपली, मोगल आणि विजापूरकरांनी वाटून घेतली. मलिक अंबर याच दरबारातला, किताब मलिक, हुद्दा पेशवा (हो, पेशवा हा हुद्दा आधी त्यांचाच). सगळा कारभार त्याच्या हातात, मोगलांना त्याने रडवलं, खडकी म्हणजे पुढचं औरंगाबाद त्याने वसवलं, पण स्वतःला कधी शाह म्हणवून घेतलं नाही, निजामशाही घराण्यातला पोरगा शोधून तख्तावर बसवला आणि त्याच्या नावाने चालवलं. १६२६ मधे वारला.

हैदराबादचा निजाम हा शंभर वर्षांनी येतो. मीर कमरुद्दीन, मोगल सरदार. आधी चिन किलिच खान, मग निजाम-उल-मुल्क, मग आसफ जाह, हे सगळे मोगल बादशाहांनी दिलेले किताब. १७२४ पासून दख्खन त्याच्या ताब्यात, बादशाहाला विचारतं कोण, पण कागदोपत्री तो आणि त्याचे वंशज बादशाहाचे सुभेदारच राहिले. शाह लावलं नाही, सुलतान म्हणवलं नाही. हैदराबादची नाणी १८५८ पर्यंत, म्हणजे दिल्लीला बादशाहच उरला नाही तोपर्यंत, मोगलांच्या नावाने पडत होती. युक्ती लावून बघा: एकाने किताबाला शाह जोडला, दुसऱ्याने दरबारी किताब तसाच ठेवला. मराठवाडा सुटला तो या दुसऱ्याच्या ताब्यातून. ग्रुपवर पुढच्या वेळी हे चार शब्दांत सांगता येईल.

नवाबाचंही असंच. नायब म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम बघणारा, त्याच्या अनेकवचनावरून नवाब. आपल्या तहसील ऑफिसात नायब तहसीलदार बसतो ना, तोच नायब. म्हणजे नवाब म्हटलं की थाट डोळ्यासमोर येतो पण शब्दाने तो हाताखालचाच. जंजिऱ्याचे सिद्दी आधी वजीर म्हणवायचे, नंतर नवाब. १६८९ मधे शिवडीला उतरून ज्याने इंग्रजांना मुंबईच्या किल्ल्यात कोंडलं तो याकूत खान सिद्दीच, आणि त्याच्या खानावरून ओळखा की वर औरंगजेब आहे. कंपनीने मिटवामिटवी केली तीही औरंगजेबाशीच.

बादशाह, आणि सुलतानाची घसरगुंडी

बाबराने १५०७ मधे काबूलला पादशाह हा किताब घेतला. त्याआधी तैमूरचे वंशज मिर्झा म्हणवून घ्यायचे. पादशाहमधलं 'पाद' हे आपल्या 'पती'चं नातेवाईक, म्हणजे धनी, आणि पुढे शाह. यात खलिफाचा संबंध कुठेच नाही, सनद नको पोशाख नको, आणि मोगलांना तेच हवं होतं. मराठीत तो पातशहा झाला आणि इतका आपला झाला की सभासदाच्या बखरीत राज्याभिषेकाच्या प्रसंगी महाराजांना 'मऱ्हाटा पातशहा' म्हटलंय. तिथे पातशहा या शब्दाचा अर्थ ज्याच्यावर कुणी नाही असा राजा एवढाच. बुद्धिबळात आपण 'शह' देतो तोही शाहच, इराणातून आलेला.

मग सुलतानाचं काय झालं? मोगल घराण्यात तो राजपुत्रांना लावायला लागले. सुलतान सलीम, सुलतान मुराद, सुलतान खुर्रम, म्हणजे शहजादे. इराणात सफवी शाहांच्या दरबारात तर सुलतान हा खानाच्याही खालचा अंमलदार! दिल्लीत १३ व्या शतकात ज्याच्यावर कोणी नाही तो सुलतान, आणि १७ व्या शतकातल्या इराणात कुठल्यातरी जिल्ह्याचा अधिकारी. म्हणून शतक आणि दरबार विचारल्याशिवाय अर्थ लावायचाच नाही. ओटोमनांकडे मात्र भाव टिकला, तिथे जागा बघायची: पुरुषाच्या नावाआधी, सुलतान सुलेमान, बाईच्या नावानंतर, मिहरिमा सुलतान. मिर्झाचंही तसंच, इराणात नावानंतर आला तर राजपुत्र, आधी आला तर शिकलेला कारकून-मुन्शी. रझियाला आपण रझिया सुलताना म्हणतो पण ती १२३६ ते १२४० राज्य करत होती आणि किताब सुलतानच लावायची, कारण ती कुणाची बायको म्हणून तख्तावर नव्हती. चांदबीबीचं वेगळं, ती नगर लढवत होती तेव्हा तख्त लहान पोराचं, ती त्याच्या वतीने.

आजचं पटकन. दुबई-मस्कतला नोकरीला असलेल्यांना हे माहीत असतंच. ओमान आणि ब्रुनेईला सुलतान. कतार, कुवेतला अमीर, म्हणजे हुकूम देणारा, आणि अमिराती हा शब्द त्यावरूनच. सौदी, जॉर्डन, मोरोक्कोत मलिक, अरबीत हा थेट राजा. मोरोक्कोने १९५७ मधे सुलतान टाकून मलिक घेतला, बहरीनने २००२ मधे अमीर टाकून. मलेशियाच्या नऊ वारसा राज्यांत सात ठिकाणी सुलतान आणि पाच-पाच वर्षांनी त्या नऊ जणांतून एक जण देशाचा राजा होतो. इराणचा शाह १९७९ मधे गेला.

जिथे ही पद्धत लावायची नाही

टिपू सुलतानमधला सुलतान मूळ नावातलाच आहे, गादीवर आल्यावर मिळालेला नाही, आणि टिपू हे नाव अर्काटच्या टिपू मस्तान या फकिरावरून. फकीर आणि पीर यांच्या नावात शाह येतो तेव्हा राज्य शोधू नका, शहाजीराजांचं नाव ज्यांच्यावरून ठेवलं असं सांगतात ते नगरचे शाह शरीफ पीरच होते. आगा खान हा किताब इराणच्या काजार शाहाने दिलेला, ज्यांना दिला ते हसन अली शाह इराण सोडून शेवटी मुंबईत राहिले, माझगावच्या हसनाबादेत त्यांची कबर आहे, राज्य नाही पण किताब वंशपरंपरेने चालू. आडनावातल्या खानावरून कुणाचा खापरपणजोबा सरदार होता असा निष्कर्ष काढू नये, उत्तर हिंदुस्थानात आणि पठाणांत ते सरसकट लावतात. आणि घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती शाह मंडळींचा इराणच्या तख्ताशी काही संबंध नाही, तो शब्द साधू-साहू वरून आलेला, म्हणजे सचोटीचा व्यापारी, आपला साव आणि सावकार त्याच घरातले.